उसनी चाल

हेमलताबाई हुक्केरींचा उजवा गुडघा त्या नोकरीत असतानाच दुखायला लागला होता, पण शाळेत त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. मिरजेतल्या एका मुलींच्या शाळेत त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. सव्वीस जानेवारीचं संचलन बघायला गावातली माणसं शाळेच्या कुंपणाबाहेर गर्दी करायची. पंजे समोर, टाचा एका रेषेत, नजर सरळ. हुक्केरीबाईंच्या मुली रस्त्यानं जातानासुद्धा ओळखू येतात, असं लोक म्हणायचे. ते ऐकून बाईंना मनातून फार बरं वाटायचं.

निवृत्तीनंतर मात्र दुखणं लपवता येईना. शेक झाला, व्यायाम झाले. मांडीचे स्नायू बळकट केले, वजन उतरवलं. गुडघ्याला पट्टा बांधला. सूज उतरवणाऱ्या इंजेक्शनानं काही महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. वंगणाचं इंजेक्शन घेतलं, स्वतःच्याच रक्तातून काढलेला द्रव गुडघ्यात टोचून घेतला. प्रत्येक उपायानं थोडं बरं वाटलं आणि कुठलाच टिकला नाही. सांधा बदलायचा, तर हृदयातली झडप आधीच बदललेली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. हृदयाचे डॉक्टर आणि हाडांचे डॉक्टर, दोघांनीही शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. जिना सुटला, बाजार सुटला. शेवटी अंघोळीला बसायचं प्लास्टिकचं स्टूल घरात आलं, त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

अशा वेळी त्या डॉ. शिरीन बागवान यांच्या केंद्रात गेल्या. शिरीन पस्तिशीची असेल. तिनं त्यांना एका लांब पट्टीवरून चालायला लावलं, पडद्यावर त्यांच्या पायांचं चित्र आणलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"मॅडम, प्रत्येक पावलाला तुमच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार गुडघ्यातून जातो. तुमच्या बाबतीत तो जवळजवळ सगळा आतल्या बाजूनं जातोय. तिथली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजून गेली. बाहेरच्या बाजूची बघा, अजून चांगली आहे."

"मग?"

"पाऊल टेकताना पंजा थोडा बाहेर वळला आणि अंग किंचित त्या पायाकडं झुकलं, तर भार आतून मधे सरकेल. सगळ्यांना हे लागू पडत नाही. काहींना उलट पंजा आत घ्यावा लागतो. तुमच्या हाडांच्या ठेवणीला मात्र हे चालेल."

"एवढंच ना? मग चालते मी तशी." हेमलताबाई उठल्या आणि पंजे बाहेर टाकत पट्टीवरून निघाल्या. शिरीननं सहज विचारलं, "तुमच्या शाळेचं मैदान अजून तेवढंच मोठं आहे का हो?" बाई उत्तर द्यायला लागल्या आणि पंजे आपोआप समोर आले.

"बघितलंत?" शिरीन हसली. "चालणं आपण विचार करून करत नाही. विचार दुसरीकडं गेला, की शरीर आपल्या जुन्या सवयीवर जातं. म्हणून हा मोजा."

तिनं टेबलावरून एक मोजा उचलला. मांडीपासून घोट्यापर्यंत येणारा, कोष्ट्याच्या तलम कापडासारखा पातळ. त्याच्या विणीत पावलाचा प्रत्येक कोन टिपणारे संवेदक होते आणि आतल्या बाजूनं विजेचे बारीक ठिपके. टाच टेकायच्या क्षणभर आधी ते ठिपके नेमक्या स्नायूला झिणझिणी द्यायचे आणि पाय हवा तसा पडायचा. काही महिने असं झालं, की मेंदू ती चाल आपलीच समजायला लागायचा. या पद्धतीला 'अनुचाल' म्हणत.

"फक्त एक अडचण आहे," शिरीन म्हणाली. "मोज्याला शिकवायची चाल आणायची कुठून? सुरुवातीला संगणकानं तयार केलेली चाल देऊन बघितली. हिशेबानं अगदी बरोबर, पण लोक धडपडायचे. शरीर ती घ्यायचंच नाही. मग लक्षात आलं, की रक्ताच्या माणसाची चाल दिली तर घेतं. खुब्याच्या खोबणीचा कोन, मांडीच्या हाडातला पीळ, हे घराण्यात सारखं असतं. तुम्हाला भाऊ, बहीण कुणी आहे? गुडघे चांगले असलेलं?"

हेमलताबाईंना हसू आलं. "बहीण आहे. धाकटी. पण डॉक्टर, तिची चाल घेऊन काय करू? ती बदकासारखी चालते."

शिरीन हसली नाही. "म्हणजे पंजे बाहेर टाकून?"

"हो, फेंगडी अगदी."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय. साठी झाली तिची. तासगावला बेदाण्याचं शीतगृह चालवते, दिवसभर वरखाली करत असते."

"मग त्यांना घेऊन या," शिरीन म्हणाली.

*

धाकट्या बहिणीला, महानंदाला, बदकी हे नाव हेमलतानंच ठेवलेलं होतं. हेमलता एनसीसीत होती, दिल्लीच्या संचलनाला निवड झाली होती, आणि घरात तिचं फार कौतुक होतं. संध्याकाळी अंगणातल्या लाद्यांच्या रेषेवरून ती नंदाला चालायला लावायची. पंजा रेषेबाहेर गेला की पायावर पट्टी. पाहुणे आले की हेमलता नंदाच्या चालीची नक्कल करून दाखवायची, कंबर हलवत, पाय फेंगडे टाकत. वडील हसायचे, पाहुणे हसायचे, नंदाही हसायची. नंदा हसायची हे हेमलताबाईंना चांगलं आठवत होतं.

पुढं दोघी सासरी गेल्या. महानंदाचे यजमान लवकर गेले आणि तिनं सासरचा, आरळींचा सगळा व्यवसाय अंगावर घेतला. व्यापारी तिला वचकून असत. पण अक्काच्या घरी आली की ती अजून धाकटीच होती. कमी यायची, आली की एका जागी बसायची, अक्का म्हणेल त्याला हो म्हणायची. धाकट्या बहिणीनं मान ठेवावा तर असा, असं हेमलताबाई नवऱ्याला, शिवानंदरावांना, सांगायच्या.

त्या दिवशी घरी आल्यावर शिवानंदरावांनी विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरीण?" ते रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि आता बहुतेक वेळ झोपाळ्यावर असत.

"नंदाची चाल पाहिजे म्हणे माझ्या पायाला."

"मग कर की फोन. नाही म्हणणार नाही ती."

नाही म्हणणार नाही हे बाईंनाही माहीत होतं. तरी फोन हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मदत मागायची त्यांना सवय नव्हती. आणि मदतही असली. शेवटी त्यांनी ती गोष्ट थट्टेवारी नेली.

"नंदे, तुझ्या बदकचालीला शेवटी दिवस आले बघ," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

मग महानंदा म्हणाली, "येते की अक्का. कधी येऊ सांग."

*

महानंदा आली ती इरकल साडीत, केसांत अबोली माळून. शिरीननं तिला पातळ विजार घालायला दिली आणि कंबरेपासून पायांपर्यंत लहान पांढरे ठिपके चिकटवले. कॅमेरे त्या ठिपक्यांचा माग ठेवणार होते. भिंतीवरच्या पडद्यावर ठिपक्यांची एक बाई उभी राहिली.

"मावशी, आता घरी चालता तशा चाला. घाई नाही."

महानंदा चालली. हेमलताबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होत्या. शिरीननं आकडे बघितले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं महानंदाला पुन्हा चालायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"काय झालं?" हेमलताबाईंनी विचारलं.

"नाही, जरा विचित्र वाटतंय. यांचा भार तुमच्यासारखाच आतून जातोय. पंजे एकदम सरळ आहेत. या चालीवर गुडघे इतके चांगले राहायला नकोत."

"अगं नंदे," हेमलताबाई म्हणाल्या, "सरळ काय चालतेस आज? तुझी नेहमीची चाल चाल की."

"हीच की अक्का," महानंदा खाली बघत म्हणाली.

तिचा चेहरा उतरला होता. शिरीननं तिला पाणी दिलं आणि हेमलताबाईंना म्हणाली, "मॅडम, तोवर तुमच्या रक्ताचा नमुना देऊन या ना. पलीकडच्याच खोलीत."

हेमलताबाई काठी टेकत बाहेर पडल्या. रक्त देऊन परत येताना वाटेत नोंदींची खोली लागली. तिथंही एक पडदा होता. त्यावर ठिपक्यांची एक बाई चालत होती. बाई थांबल्या. पंजे मोकळे बाहेर पडत होते, कंबर हलकी डोलत होती, हात सैल होते. चालीला एक लय होती. आयुष्यभर मुलींची पावलं बघितलेल्या त्यांच्या नजरेला ती चाल चटकन आवडली. कुणीतरी तरुण मुलगी असेल, नाचणारी वगैरे, असं त्यांना वाटलं. त्याच वाटण्यात त्यांनी शेजारचं दार ढकललं.

आत महानंदा पट्टीच्या मध्यावर होती. दार वाजताच तिनं वर बघितलं. अक्का दिसली. पुढचं पाऊल उचललेलं होतं, ते हवेतच वळलं आणि पंजा समोर करून खाली टेकलं. भिंतीवरच्या पडद्यावर ठिपक्यांची बाईही तशीच ताठ झाली. हात अंगाला चिकटले.

शिरीन पडद्याकडं बघत होती. तिला मागचं काही माहीत नव्हतं, त्यामुळं ती अगदी सरळ मनानं बोलून गेली.

"आत्ता कळलं! मॅडम, तुम्ही खोलीत असलात की या वेगळ्या चालतात. तुम्ही बाहेर गेलात आणि दोन फेऱ्यांत यांची खरी चाल आली. गुडघ्यावरचा भार इतका कमी, की मी बघतच राहिले. आणि तुम्ही दार उघडलंत, तर लगेच पुन्हा सरळ."

महानंदाचे कान लाल झाले होते, चोरी पकडली गेल्यासारखे.

"मी मुद्दाम नाही करत हो," ती शिरीनला म्हणाली. "होतंच ते. माझ्या लक्षातसुद्धा येत नाही."

हेमलताबाईंना पलीकडच्या पडद्यावरची ती तरुण मुलगी आठवली; ती नंदाच होती. त्यांना एकदम किती तरी गोष्टी दिसल्या. नंदा घरी आली की दारापासची खुर्ची धरते ती का. पाणी हवं असलं तरी उठत नाही, दुसऱ्याला सांगते ती का. आपल्या मुलाच्या, ओंकारच्या लग्नात सगळ्या बायका वरातीत चालल्या आणि ती गाडीत बसून राहिली. पाय दुखतात म्हणाली होती. तिचे पाय कधी दुखत नव्हते.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसाल का?" शिरीन म्हणाली. "नोंद पूर्ण करून घेते."

हेमलताबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या. समोरून एक परिचारिका गेली, तिनं ओळखीचं हसून विचारलं, "बाई, बरं आहे ना?" बाईंना मान वर करून तिच्याकडं बघवलं नाही.

*

परत जाताना महानंदाच्या गाडीत दोघी मागं बसल्या. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळं बोलणं टाळायला पुढं ड्रायव्हरसुद्धा नव्हता. बरंच अंतर गेल्यावर हेमलताबाई म्हणाल्या, "तू मला कधी सांगितलं नाहीस."

म्हणताक्षणी त्यांना कळलं, की आपण पुन्हा तिलाच दोष दिला.

"काय सांगायचं अक्का?" महानंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "हे म्हणायचे मला. माहेरच्या माणसांत गेलीस की तू वेगळीच चालतेस म्हणून. मी म्हणायची, आमच्याकडच्या लाद्या गुळगुळीत आहेत, पाय घसरतो." ती थोडी हसली. "त्यांना पटायचं ते."

"आणि शीतगृहात?"

"तिथं काय, माझंच राज्य आहे. तिथं कशी चालते ते मला माहीतही नाही."

हेमलताबाईंना माफी मागायची होती. पण तीस-पस्तीस वर्षं मुलींना माफी मागायला लावण्यात गेली होती आणि स्वतः ती कशी मागायची हे तोंडाला ठाऊक नव्हतं. घर आलं. उतरताना महानंदानं त्यांना हात दिला आणि दारापर्यंत सोडलं. शेजारून चालताना तिचे पंजे अगदी सरळ होते. आता ते न दिसणं हेमलताबाईंच्या हातात नव्हतं.

*

मोजा आला. पहिल्या दिवशी झिणझिण्यांनी बाई वैतागल्या. पाय आपला नाही, कुणीतरी खालून ओढतंय असं वाटायचं. पण शिरीन म्हणाली होती तसंच झालं. परक्याची म्हणावी तर ती चाल परकी वाटेना. आठवडाभरात पाऊल आपोआप तसं पडायला लागलं, जणू कधीतरी लहानपणी ते तसंच पडत होतं.

हे त्यांनी शिरीनला विचारलंही. शिरीननं दोघी बहिणींच्या हाडांची चित्रं शेजारी शेजारी लावली.

"मांडीच्या हाडातला पीळ बघा. दोघींचा सारखाच. तुमचीही मूळची चाल तशीच असणार. तुम्ही सरावानं मोडली."

"म्हणजे त्यानंच गुडघा गेला?"

"असं नाही म्हणता येणार. वय असतं, वजन असतं, इतक्या वर्षांच्या उड्या, पळणं. एकाच गोष्टीवर नाही ढकलता येत."

ढकलता आलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. शिक्षा झाली असं तरी म्हणता आलं असतं.

दोन-तीन महिन्यांत दुखणं पुष्कळ उतरलं. झीज भरून आली नव्हती, ती येणारही नव्हती, पण भार बाजूला गेला होता. बाई बाजारात जाऊ लागल्या. स्टूल माळ्यावर गेलं. एकदा त्या भाजी घेऊन फाटकातून आत येत होत्या आणि शिवानंदराव झोपाळ्यावरून म्हणाले, "मघाशी मागनं बघितलं तुला. मला वाटलं नंदाच चाललीय."

"काहीतरीच तुमचं," बाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की त्या थांबून उभ्याच राहायच्या. तो माणूस पुढं जाईपर्यंत पाऊल टाकायच्या नाहीत.

डिसेंबरात शाळेचा अमृतमहोत्सव होता. जुन्या शिक्षकांतून मानवंदना घ्यायचा मान हुक्केरीबाईंना मिळाला. मैदानावर मुलींच्या रांगा उभ्या राहणार आणि बाई त्यांच्यासमोरून शेवटपर्यंत चालत जाणार. महानंदाला हे कळल्यावर तिनं आपण होऊन फोन केला. "मी येते अक्का. तू पुन्हा मैदानावर चालणार, बघायचंय मला."

त्या दिवशी दुपारी महानंदा आणि शिवानंदराव पहिल्या रांगेत बसले होते. हेमलताबाई मंडपाच्या आडोशाला उभ्या होत्या. मैदानाच्या कडेला त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी दिसत होत्या. कुणी पोलीस अधिकारी, कुणी आजी झालेल्या. सगळ्या हुक्केरीबाईंकडून पंजे सरळ ठेवायला शिकलेल्या. ढोल वाजला. बाईंनी साडीवरूनच गुडघ्याच्या बाजूला हात नेला, मोज्याची कळ चाचपली आणि ती बंद केली.

त्यांनी ठरवून केलं असंही नाही आणि चुकून झालं असंही नाही. आज एकदाच, असं काहीतरी मनात आलं होतं.

त्या निघाल्या. पंजे समोर, टाचा एका रेषेत. शरीर एव्हाना दुसऱ्या चालीला सरावलं होतं, पण ही त्यांची जुनी विद्या होती. पहिल्या रांगा पार होईपर्यंत त्यांना अभिमान वाटला. मग गुडघ्याच्या आतल्या बाजूनं कळ उठली. अर्ध्या मैदानात ती मांडीपर्यंत गेली. मुली सलामी देत होत्या आणि बाईंना त्यांचे चेहरे दिसत नव्हते. तरी शेवटपर्यंत पाऊल वाकडं पडलं नाही. टाळ्या झाल्या. कडेला कुणीतरी म्हणालं, "बाई अजून तश्शाच आहेत."

वळून येताना त्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली. शिवानंदराव टाळ्या वाजवत होते. महानंदाही वाजवत होती, पण ती बाईंच्या चेहऱ्याकडं बघत नव्हती. त्यांच्या पायांकडं बघत होती. मग तिचे हात हळूहळू थांबले आणि तिनं ते मांडीवर ठेवले.

हेमलताबाईंना आपण खुर्चीपर्यंत कसं पोहोचलो ते कळलं नाही. भाषणं झाली, शाल मिळाली, नारळ मिळाला. त्यांच्या कानांत काही शिरलं नाही. लहानपणची गोष्ट अजाणतेपणी झाली, असं त्यांनी इतके महिने स्वतःला समजावलं होतं. आजची गोष्ट सहासष्टाव्या वर्षी झाली होती. ज्या चालीनं त्यांना बाजार परत दिला, जिना परत दिला, ती चाल चार लोकांत अंगावर दिसायची त्यांना लाज वाटली होती, आणि जिची चाल तिच्या देखत.

कार्यक्रम संपला. शिवानंदराव चहाच्या टेबलाकडं गेले. महानंदा शालीची घडी घालायला पुढं झाली.

"मोजा बंद पडला काय गं अक्का?" तिनं विचारलं. "डॉक्टरांना सांगायला पाहिजे."

हो म्हणण्याइतकं सोपं काही नव्हतं. नंदानं ती वाट मुद्दाम ठेवली होती, हेही बाईंना दिसत होतं.

"बंद पडला नाही," त्या म्हणाल्या. "मी बंद केला."

महानंदानं घडी पुरी केली.

"मुलींसमोर तसं चालायची लाज वाटली मला. तुझ्यासारखं." बाईंनी शाल तिच्या हातातून घेतली. "तू आपण होऊन आलीस आणि तुझ्यादेखत केलं मी हे. नंदे, तू आल्यापासून मी काय बोलू ते शोधतेय आणि मला काही सापडत नाही."

"बोलू नको मग."

"मला माफ कर म्हणते मी."

महानंदा जवळच्या खुर्चीवर बसली.

"अक्का, मी तुझ्यावर रागावलेली नाही. असते तर चाल दिली नसती. पण तुझ्या माफीचं मी काय करू ते मला समजत नाही. शंभर माणसं आहेत माझ्या हाताखाली. मुंबईचे व्यापारी माझ्यापुढं आवाज चढवत नाहीत. आणि तुझं फाटक उघडलं की माझे पाय सरळ होतात. तू माफी मागितलीस म्हणून उद्या ते थांबणार आहे काय? तुझ्यासाठी मोजा तरी निघाला."

हेमलताबाईंनी कळ दाबून मोजा सुरू केला. पायात ओळखीची झिणझिणी उठली.

"चल," महानंदा म्हणाली. "गाडी फाटकाबाहेर आहे. हात धर माझा."

"नको. दुखायचं थांबलंय."

खरं म्हणजे थांबलं नव्हतं. फाटक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं. खुर्च्या गोळा करणाऱ्या मुली, फोटो काढणाऱ्या बायका, सगळ्यांच्या मधून जायचं होतं. महानंदा उठली आणि नेहमीप्रमाणं शेजारी उभी राहिली, पाय जुळवून. हेमलताबाईंनी तिच्या पायांकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मी पुढं होते," त्या म्हणाल्या. "तू ये मागनं. सावकाश ये."

त्या निघाल्या. पंजे बाहेर पडत होते, कंबर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होती. वाटेतल्या बायका नमस्कार करायला वळल्या. एकीची नजर खाली त्यांच्या पावलांवर गेली आणि तिथंच राहिली. बाईंच्या मानेपासून कानांपर्यंत आग झाली. त्यांनी नमस्कार घेतला, पाऊल बदललं नाही, थांबल्याही नाहीत.

मागून महानंदा येत होती. हेमलताबाई तिला बघू शकत नव्हत्या, पण त्यांना बघायची गरजही नव्हती. आयुष्यभर त्यांनी पाठमोरं उभं राहून, नुसत्या आवाजावरून, कुठल्या मुलीचं पाऊल चुकलं ते सांगितलं होतं. आणखी दहा पावलं कान दिला असता तर नंदा आता कशी चालतेय ते त्यांना नक्की कळलं असतं.

"नंदे," त्या मान न वळवता, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "यंदा द्राक्षं कशी आहेत गं तुमच्याकडं? बेदाण्याला माल पुरेल का?"

मग मागून महानंदा सांगायला लागली. ऑक्टोबरच्या छाटणीचं, मध्येच पडलेल्या धुक्याचं, पुढं रॅकवर वाळत घालायच्या मण्यांचं. हेमलताबाई मधूनमधून विचारत राहिल्या आणि फाटक येईपर्यंत तिला बोलतं ठेवलं.